न म्हटलेली हवेली

तांड्यात कोणाच्या पोरीचं लग्न निघालं की मले बोलावणं येते. "जमनीबाई, आमच्या पोरीले हवेली शिकवून द्या." मी जाते. कंबर धरली असली तरी जाते. नाही गेली तं ह्या आजकालच्या पोरी काय म्हणतील अन् काय गाळतील, देवच जाणे. मागच्या साली एकीनं अर्धी हवेली म्हटली अन् बाकीची फोटोवाल्याकडे पाहून हसण्यात घालवली. माह्या जिवाचा नुसता संताप झाला.

ज्यांले माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. हवेली म्हणजे माडी-बंगला नाही. आमच्या गोर, म्हणजे बंजारा लोकांत नवरीनं बापाचं घर सोडताना म्हणायचं ते गाणं. नवरी बापाच्या बैलाच्या पाठीवर उभी राह्यते, दोन्ही हात वर करते अन् आशीर्वाद देते. घराले देते, वावराले देते, गुराढोरांले देते, साऱ्या तांड्याले देते. मंग ती खाली उतरते, अन् ज्या बैलावर ती उभी राह्यली तो बैल तिच्यासंगं सासरी जाते. तो बैल तिचा. आमचे आजे-पणजे लदेणीवर होते, बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोण्या लादून मुलूख फिरत होते, तेव्हापासूनची ही रीत आहे.

तं मी ही हवेली तांड्यातल्या सगळ्या पोरींले शिकवली. अन् मी स्वतः, ही जमनी, बैलावर उभी राहून हवेली कधीच म्हटली नाही. पोरी विचारतात, काहून? आज सांगूनच टाकते.

मी सांगते ती गोष्ट छासष्टच्या उन्हाळ्याची. आमचा तांडा दिग्रसच्या पलीकडे, माळावर. त्याच्या आधीच्या पावसाळ्यात पाऊस आला नाही असं नाही, पण पाहुण्यासारखा आला, ओसरीवर टेकला अन् चहा न घेताच गेला. ज्वारी गुडघ्याएवढी झाली अन् उभ्या उभ्या वाळली. पऱ्हाटीले बोंडं लागली ती सुपारीएवढी. विहिरीचं पाणी दिवाळीलेच खाली गेलं होतं, होळीपर्यंत तं आम्ही तळातला गाळ खरवडून काढत होतो.

अन् मंग वारं सुटलं. दुपार कलली की मावळतीकडून आभाळ तांबडं-पिवळं होये, अन् वावधन आलं म्हणून बाया हाका मारत लेकरं आत ओढत. समोरचा माणूस दिसत नव्हता अशी धूळ. वावरातली वरची माती, जिच्यात पीक येते तीच माती, उडून शेजारच्याच्या वावरात जाये अन् शेजारच्याची तिसऱ्याच्या. भाकरीत माती, पाण्यात माती, डोळ्यांत माती. माही याडी सुखीबाई, याडी म्हणजे आमच्यात आई, ती तव्यावर भाकर टाकता टाकता म्हणे, "आज नायकाचं वावर आलं वाटते आपल्या पिठात." अन् हसे. आम्हीही हसू. दात करकर वाजत होते, पण हसत होतो.

माहा बा गुलाबसिंग तेवढा हसत नव्हता. माहा बा म्हणजे एकदम कडक माणूस. बोलला तं दोन शब्द, तेही बैलाशी जास्त अन् आमच्याशी कमी. बैल दोन होते, लाख्या अन् हौश्या. होळीनंतर हौश्या बसला तो उठलाच नाही. बा दिवसभर त्याच्याजवळ बसून राह्यला, जेवला नाही. दुसऱ्या दिवशी उठला अन् लाख्यासाठी झोपडीच्या छपराचं जुनं गवत काढाले लागला. याडी बोंबलली, "अरे, डोक्यावरचं छप्पर बैलाले चारतं का?" बा म्हणे, "पाऊस तं येऊन नाही राह्यला. छप्पर कायले पाह्यजे?"

आता एका बैलानं शेती होत नाही, हे तुम्हाले मी काय सांगावं. पण आमचा नायक डोंगरसिंग, तांड्याचा कारभारी म्हणा, त्याच्याकडेही एकच उरला होता, कबऱ्या. दोघांनी सावड ठरवली. पाऊस आला की लाख्या अन् कबऱ्या एका जुवाखाली, आधी एकाचं वावर पेरायचं, मंग दुसऱ्याचं. म्हणजे आमची पेरणी त्या एका लाख्यावर लटकली होती. लाख्या जगला तं वावर पेरलं जाणार. नाही तं राजूर.

राजूर म्हणजे तिकडे वणीकडे, कोळशाची खाण. माहा मामा हिरासिंग तिथं कामाले लागला होता. त्याचे निरोपावर निरोप येत, या इकडे, काम आहे, पाणी आहे. याडीचं मन झालतं. बा ऐकाले तयार नव्हता. "मी जमिनीच्या वरती मरीन," म्हणे, "खाली जाऊन नाही मरणार."

अन् अशात माहं लग्न.

गूळ खाऊन, म्हणजे सोयरीक पक्की होऊन, दोन उन्हाळे झालते. सासर ढाणकीकडचं, पैनगंगेच्या काठचा तांडा. सासऱ्याचं नाव रामधन, नवऱ्याचं धावजी. तेव्हा नवऱ्याचं नाव घ्याची चोरी होती, आता कोणाच्या बापाचा धाक आहे? धावजी, धावजी, धावजी. घ्या. तं रामधनानं निरोप पाठवला की वैशाखात पोरगी न्यायची. याडी म्हणे, हो म्हण बाबा, एक तोंड तं कमी होईल. ती असं बोले अन् मंग माह्याकडे पाहत नसे. मले राग आला नाही. स्वतःच्या वाट्याची अर्धी भाकर ती रोज लपवून माह्याच ताटात टाकत होती, मले माहीत होतं.

राग आला तो बाचा. लग्न ठरलं तेव्हा नायकानं विचारलं, "गुलाब, हवेलीले बैल कोणता? माहा कबऱ्या उभा करतं का नुसता मान राखाले?" सगळ्यांच्या मनात तेच होतं, की वेळ पाहून कोणाचाही बैल नुसता उभा करावा, पोरीनं गाणं म्हणावं, बैल जागेवरच राहावा. कोणी बोट दाखवलं नसतं. पण माहा बा उठून उभा राह्यला अन् म्हणे, "माही पोरगी माह्याच बैलावर चढन. अन् तो बैल तिच्यासंगं जाईन."

मले वाटलं, अरे बाप्पा, ह्या माणसाचं डोस्कं फिरलं का? एकच बैल. तोही चार पायांवर कसाबसा उभा. तो दिला की पेरणी गेली, वावर गेलं. अन् कायच्यासाठी? तांड्यात मान राह्यला पाह्यजे म्हणून. नायकाची सावडही बुडाली, पण नायक बिचारा काय बोलणार, रीतच ती. मी घरी येऊन भांडली. "बा, माह्यासाठी बैल देऊ नको. मले नाही पाह्यजे." बा खाली मान घालून दावं वळत होता. "तुले कोणी विचारलं?" एवढंच म्हणे.

मीही त्याचीच पोरगी. मनात पक्कं केलं. तू बैल आण, मी चढतच नाही. हवेली म्हटली नाही तं बैल माहा होत नाही, अन् माहा झाला नाही तं इथंच राह्यते. रीत तुले कळते तशी मलेही कळते.

लग्न झालं. कसं झालं ते विचारू नका. ढेकळं वाळलेल्या अंगणात मांडव, अन् मांडवाच्या पाल्याले लाख्याच दुरून पाहून जीभ काढत होता. जेवणाले रामधनानंच ज्वारी आणलती गाडीत घालून, हे त्यानं आयुष्यभर ऐकवलं. तरी बाया जमल्या, गाणी झाली, सगळ्यांनी मिळून मले रडवलं, तेवढं मात्र दुष्काळातही कमी पडलं नाही.

मंग निघायची वेळ झाली. बानं लाख्याले आणलं. याडीनं तिच्या लग्नातली आरशांची झूल काढून त्याच्या पाठीवर टाकलती. शिंगांले लाल चिंध्या बांधल्या होत्या. झूल एवढी लखलखत होती की पहिल्यांदा तं मले बरंच वाटलं. मंग तो जवळ आला अन् झुलीच्या खाली हाडं दिसली. पाठीचा कणा वर आलता नांगराच्या फाळासारखा. मी पाठीवर हात ठेवला. त्याचं सारं अंग थरथरत होतं. माह्या एका हाताच्या वजनानं त्यानं मागचा पाय सरकवून घेतला.

"चढ," बा म्हणे. खाली वाकून दोन्ही हातांची ओंजळ केली त्यानं, माहा पाय ठेवाले.

"नाही चढत."

"जमनी, चढ."

"नाही म्हणजे नाही. तो पडन. अन् मी त्याले नेत बी नाही."

झालं. रामधन इकडे-तिकडे पाहाले लागला. याडी रडता रडता थांबली. नायक डोंगरसिंग पुढं आला, म्हातारा माणूस, मऊ आवाजात म्हणे, "बाई, असं करू नये. हवेली म्हटल्याबिगर पोरगी निघाली तं आपल्यात ती घरातून निघालीच नाही असं धरतात. तिचं ना इथलं भलं, ना तिथलं."

"तसं धरा मंग," मी म्हटलं. "माहं काय जाते?"

बा माह्यावर ओरडला. साऱ्या जन्मात तो माह्यावर तसा ओरडला नव्हता. काय म्हणाला ते मले ऐकू आलं नाही, कारण तेवढ्यात कोणीतरी बोंब ठोकली, वावधन आलं!

पाहते तं मावळतीकडून भिंतच येऊन राह्यली होती. तांबडी, आभाळापर्यंत. लोक धावले. मांडवाचे बांबू उपटले, पाला उडाला, सासरच्या गाडीचे बैल उधळले अन् त्यांच्यामागं रामधन धावला. याडीनं माहा हात ओढला, पण लाख्या जागचा हलेना, अन् बा लाख्याले सोडेना, अन् मी बाले सोडेना. असे आम्ही तिघं अंगणातच राह्यलो अन् धूळ अंगावर आली.

डोळे उघडता येत नव्हते. खडे गालांवर बसत होते. मी लाख्याच्या मानेले मिठी मारून डोकं खाली घातलं. जरासे डोळे किलकिले करून पाह्यलं तं बा आपलं पागोटं सोडून राह्यला होता. मले वाटलं माह्या तोंडाले बांधते. त्यानं ते लाख्याच्या नाकपुड्यांवर अन् डोळ्यांवर गुंडाळलं. माहा बा उघड्या डोक्यानं कोणाले दिसला नव्हता कधी, अन् तिथं उघड्या डोक्यानं, पांढऱ्या केसांत माती भरून घेत, बैलाचं तोंड छातीशी धरून उभा होता.

मंग त्यानं तोंड माह्या कानाशी आणलं. ओरडूनच बोलावं लागत होतं.

"घेऊन जाय याले, जमनी. तुह्या तिकडे नदी आहे. डोहात पाणी आहे, काठाले हिरवं आहे, मी पाहून आलो गूळ खाले गेलतो तेव्हा. इथं हा मरते. पावसापर्यंत नाही पुरत हा. माह्या डोळ्यांदेखत दुसरा नको मरू देऊ."

"अन् तू? तू कायनं वाहशीन वावर?"

"मेलेल्या बैलानं तरी कुठं वाहता येते?"

घ्या! मी महिनाभर त्याच्यावर फणफणत होती की हा मानासाठी बैल देते. अन् त्याले लोकांसमोर सांगताही येत नव्हतं की माहा बैल माह्या दारात उपाशी मरून राह्यला, कोणी घेऊन जा. रीत होती म्हणून त्याले तोंड झाकाले जागा तं होती. मले एवढं रडू आलं, पण तोंडात माती असली की धड रडताही येत नाही.

वावधन गेलं तेव्हा सगळी माणसं एका रंगाची झालती. मी लाख्याच्या तोंडावरचं पागोटं सोडलं, झटकलं, बाच्या हातात दिलं अन् कासरा हातात घेतला.

"नेते," मी म्हटलं. "पण चढणार नाही. हवेली म्हणणार नाही. हा माह्या भारानं पडला तं मी जन्मभर कोणाले तोंड दाखवू?"

नायक काहीतरी बोलणार होता, बानं त्याले हातानंच थांबवलं. घराले आशीर्वादाचा एक शब्दही न देता मी निघाली. मागं बाया कुजबुजत होत्या ते मले ऐकू येत होतं. याडी तं छाती पिटून राह्यली होती. पोरगी गेली याचं एक दुःख, अन् पोरगी घराले काहीच देऊन गेली नाही याचं दुसरं.

रामधन मले गाडीत बस म्हणे. मी बसली नाही. लाख्याच्या बाजूनं पायी चालाले लागली. नवरी नवीन लुगड्यात, घोट्यापर्यंत फुफाटा, हातात मरतुकड्या बैलाचा कासरा. रामधन कपाळावर हात मारून गाडी हाकत होता. थोडं पुढं गेल्यावर धावजी गाडीतून उतरला अन् लाख्याच्या दुसऱ्या अंगानं चालाले लागला. मंग म्हणे, "एक विचारू? तू याची नवरी का माही?"

"तुमचं तुम्ही ठरवा," मी म्हटलं. अन् पहिल्यांदा हसली. तो माणूस मले तिथंच आवडला, खोटं कायले सांगू.

रस्त्यात जिथं पाणी मिळालं तिथं थांबलो, जिथं सावली मिळाली तिथं त्याले बसू दिलं. उठेना तं आम्ही दोघं दोन्हीकडून खांदा लावून उठवत होतो. ज्या दिवशी पैनगंगा दिसली त्या दिवशी लाख्याले ती आमच्या आधी कळली. कान उभे केले, अन् जो बैल पाऊल उचलत नव्हता तो मले ओढत घेऊन गेला. डोहात पोटापर्यंत शिरून उभा राह्यला. प्यायला, थांबला, परत प्यायला. माहं लुगडं ओलं झालं, मी तिथंच पाण्यात उभी राहून मोठ्यानं रडली. धावजीनं तोंड दुसरीकडे केलं, एवढी अक्कल त्याले होती.

सासरी पहिले दिवस मी घरात कमी अन् गोठ्यात जास्त. नदीकाठचं हरळीचं गवत कापून आणे, सरकीची ढेप भिजवून थोडी थोडी चारे. रामधन येणाऱ्या-जाणाऱ्याले ऐकवे, "सून आणाले गेलतो, बैलाची दाई घेऊन आलो." मी पदर पुढं ओढून ऐकून घेई अन् त्याच्या ताटातली भाजी थोडी जास्त तिखट करी. लाख्याच्या फासळ्या हळूहळू झाकल्या. केस चमकाले लागले. एक दिवस त्यानं धावजीले शिंग दाखवलं, तेव्हा मी समजली की आता हा बरा झाला.

मिरग कोरडाच गेला. पाऊस आला तो आर्द्रात, अन् तोही इकडे थोडा, तिकडे थोडा. आमच्या तांड्यातली बिजलीबाई, तीही तिथंच दिली होती, ती माहेरी जाऊन आली. मी पाणी भरत होती तं माह्या जवळ येऊन हळूच म्हणे, "जमनी, तिकडे पाऊस झाला बरं. चांगला झाला. पेरण्या चालू झाल्या. पण तुह्या बाचं वावर तसंच पडून आहे. नायकाच्या एका बैलानं काय होणार? तुह्या याडीनं बोचकं बांधलं. वावर ओलं असून पडीत पाहणं तुह्या बाच्यानं होत नाही, म्हणून राजूरले चालले ते."

माही घागर तिथंच राह्यली.

घरी येऊन मी सासऱ्यासमोर उभी राह्यली. "मामाजी, मी लाख्याले घेऊन माहेरी जाते. पेरणी झाली की येते."

रामधन चिलीम ओढत होता, ठसकाच लागला त्याले. "अवं, हवेलीचा बैल परत जाते का कधी? दिलेलं दारात परत नेलं तं तुह्या बाच्या तोंडाले काळं लागन. तुले रीत कळत नाही का?"

"परत द्याले कोण चाललं?" मी म्हटलं. "बैल माहा आहे ना? का तुमचा आहे?"

"तुहाच. हवेली म्हटली नाही तरी तुह्या बानं तुलेच दिला."

"मंग माहा बैल मी कोणाच्या वावरात जुंपावं ते मी पाहीन."

रामधनानं धावजीकडे पाह्यलं, की बाबा तू तं काही बोल. धावजी उठला. गोठ्यात गेला, लाख्याले सोडलं अन् कासरा घेऊन अंगणात येऊन उभा राह्यला. बिचाऱ्या सासऱ्यानं मंग वाटेसाठी ढेप बांधून दिली. वाईट माणूस नव्हता तो, तोंडानं जरा फाटका होता.

आम्ही तांड्यात पोचलो तं ओट्यावर वळकटी अन् बोचकी. चूल विझलेली. याडी मले पाहून जागीच बसली. बा आतून आला. त्यानं मले पाह्यलं नाही, धावजीले पाह्यलं नाही, सरळ लाख्याजवळ गेला. पाठीच्या कण्यावरून हात फिरवला, मानेपासून शेपटीपर्यंत, परत मानेपासून शेपटीपर्यंत. लाख्यानं त्याचं मनगट चाटलं. मंग बा एकदम मागं सरकला.

"काहून आणला? दिलेला बैल मी घेत नाही."

"देऊन कोण राह्यलं? हा माहा बैल आहे. मी माह्या बैलानं वावर पेराले आलती."

"कोणाचं वावर?"

"हे समोर पडलं आहे ते. कोणी मालक दिसत नाही त्याले. मालक राजूरले चालला म्हणे."

बाच्या तोंडाचा काहीतरी आकार झाला. हसू होतं का रडू, मले कळलं नाही. नायक डोंगरसिंग तेवढ्यात कबऱ्याले घेऊन आलाच, त्याले कोणी निरोपही दिला नव्हता. याडी उठली. बोचकं सोडलं अन् राखेत ठेवलेल्या बियाचं मडकं बाहेर काढलं. मले तेव्हा समजलं की राजूरले चाललेल्या बाईनं बियाचं मडकं बोचक्यात बांधलं होतं. खाणीत काय पेरणार होती, विचारा तिले.

पेरलं आम्ही. बा तिफणीवर, धावजी बैलांपुढं, अन् चाड्यावर मूठ धरून बी सोडाले कधी मी, कधी याडी. वरची माती उडून गेलती, खालची मुरमाड होती, तरी ओल चांगली होती. पहिले नायकाचं वावर झालं, मंग आमचं. शेवटचं तास ओढलं तेव्हा दिवस कललेला होता. बानं तिफण उभी केली अन् बैल सोडले.

मले वाटलं, हीच वेळ आहे. लाख्या आता धडधाकट आहे. जे राह्यलं ते करून टाकावं. मी लाख्याले बांधाशी आणलं. धावजीले म्हटलं, धरा जरा. अन् बांधावरून पाय टाकून चढली त्याच्या पाठीवर, उभी राह्यली. तो हललाही नाही. खांबासारखा उभा. शेजारच्या वावरातल्या बायांनी पाह्यलं अन् एकमेकींले हाका मारल्या, अवं, जमनी हवेली म्हणून राह्यली! पोरी धावत आल्या. नायकानं पागोटं सारखं केलं. याडीचे डोळे आधीच वाहाले लागले. मी वरून सारं पाह्यलं, ओलं वावर, पेरणीच्या सरळ ओळी, तांडा, बिनछपराचं आमचं घर. दोन्ही हात वर केले. तोंड उघडलं.

माह्या पायाले कोणीतरी धरलं. खाली पाहते तं बा.

"उतर," म्हणे.

"काहून? आता तं पडत नाही तो."

"उतर म्हणतो ना."

"अरे बा, तूच तं एवढा ओरडला होता माह्यावर! साऱ्या तांड्यासमोर! आता म्हणून राह्यली तं..."

बानं माहा पाय सोडला नाही. त्याच्या हाताले वावराची ओली माती होती, ती माह्या घोट्याले लागली. तो वर पाहत नव्हता. लाख्याच्या पोटाकडे पाहून बोलत होता, जसा तो नेहमी बोले.

"तू गेली त्या दिवसापासून घर खाले उठे. तुही याडी रोज रडे. मी तिले सांगत होतो, अवं, रडतं कायले, तिनं हवेली म्हटली कुठं? नायक म्हणे ना, हवेली म्हटली नाही तं पोरगी घरातून निघालीच नाही असं धरा लागते. मी तेच धरून दिवस काढले, जमनी. म्हणू नको. राहू दे."

 हात वर होते ते खाली आले. मंग बानं दोन्ही हातांची ओंजळ केली, त्या दिवशी चढाले केली होती तशी, अन् मी तिच्यात पाय ठेवून खाली उतरली. बाया म्हणत राह्यल्या, अवं म्हण ना, काय झालं? मी कोणाले काही सांगितलं नाही.

घरी जाऊन याडीनं चूल पेटवली. भाकर केली. मी, धावजी, बा, आम्ही एका ओळीत बसून जेवलो, अन् दुसऱ्या दिवशी लाख्याले घेऊन मी परत ढाणकीकडे गेली. दर साली पेरणीले आणत होती त्याले, तो होता तोपर्यंत.

आता बा नाही, याडी नाही, लाख्या तं केव्हाच गेला. पोरींले मी हवेली शिकवते ती खाली बसून, एक एक ओळ घोकून घेते. त्या म्हणतात, आजी, एकदा तं उभी राहून, हात वर करून म्हणून दाखव. मी म्हणते, मुकाट्यानं शिका. मले कुठं जायचं नाही.